नळ मोजले, पाणी कोण मोजणार?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले की सभात्याग, घोषणाबाजी आणि लक्षवेधी सूचनांच्या बातम्या रोज वाचायला मिळतात. सरकारी यंत्रणांनी मंजूर पैशांत नेमके काय केले हे तपासणे हेही विधिमंडळाचेच काम आहे. आमच्या मते ते कायदे करण्याइतकेच मोठे आहे, पण त्याची बातमी क्वचितच होते. ठाणे आणि नवी मुंबईच्या वाचकांनी तर या कामाकडे डोळ्यांत तेल घालून पाहायला हवे. ठाणे जिल्ह्यातून 18 आमदार विधानसभेत जातात. आपल्याकडची घरे, भूखंड, औद्योगिक वसाहती, वीज, एसटी, गावोगावच्या पाणी योजना हे सारे सिडको, म्हाडा, एमआयडीसी, महावितरण, परिवहन महामंडळ, जीवन प्राधिकरण अशा राज्याच्या यंत्रणांच्या हाती आहे. त्यात नवी मुंबई महापालिकेत मे 2020 पासून आणि ठाण्यात मार्च 2022 पासून कित्येक वर्षे प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात अधिकाऱ्याला अधिकारवाणीने जाब विचारू शकणारा लोकप्रतिनिधी म्हणजे आमदारच उरला होता.

यंत्रणांच्या कामगिरीची तपासणी आज पैसे किती खर्च झाले आणि नग किती झाले याभोवतीच फिरते. त्या खर्चातून लोकांच्या हाती काय पडले हे विचारण्याची साधने आमदारांकडे आजही आहेत. ती वेळेवर आणि नेमकी वापरली जात नाहीत, एवढेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, म्हणूनच हे पत्र लिहीत आहोत.

सुरुवात अर्थसंकल्पापासून. राज्यघटनेच्या अनुच्छेद 203 नुसार विभागांच्या खर्चाच्या मागण्या विधानसभेपुढे येतात. सभागृह त्या मंजूर करू शकते, नाकारू शकते किंवा कमी करून मंजूर करू शकते. कमी करण्याची मागणी कपात सूचनेने होते आणि तिचा खरा उपयोग रक्कम छाटण्यापेक्षा विभागाच्या कारभारावर बोट ठेवण्यासाठी असतो. मागण्यांसोबत विभागांची कार्यक्रम अंदाजपत्रके येतात. त्यांत मागच्या वर्षीचे उद्दिष्ट, साध्य आणि पुढच्या वर्षीचे उद्दिष्ट असे रकाने असतात, एकीकडे आर्थिक आणि दुसरीकडे भौतिक. कामगिरी तपासायची तर हीच पुस्तिका हाती घ्यायची. पण त्यातील भौतिक उद्दिष्टे किलोमीटर, हेक्टर, नग आणि लाभार्थी या मापांत असतात. रस्त्याचे किलोमीटर कळतात, पण तो दुसऱ्या पावसाळ्यात टिकला का हे कळत नाही. शिवाय चर्चेचे दिवस मोजके असतात. वेळ संपली की उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मतास टाकल्या जातात, याला गिलोटिन म्हणतात. कोणत्या विभागांची चर्चा होणार आणि कोणते चर्चेविना सुटणार हे आधी ठरते, आणि तिथेच आमदारांनी आग्रह धरला पाहिजे. वर्षात पुन्हा पुरवणी मागण्या येतात. मूळ तरतूद अखर्चित असताना त्याच शीर्षाखाली पुरवणी मागितली गेली आहे का, हा त्या वेळी विचारायचा पहिला प्रश्न. सरकारी हिशेब तपासणारे भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच कॅग, यांचे वित्तविषयक अहवाल ही बाब वारंवार नोंदवतात.

आता खर्चाच्या आकड्याबद्दल. सरकारी हिशेबात खर्च झाला याचा अर्थ पैसे कोषागारातून बाहेर पडले, एवढाच. बीम्स या निधीवाटपाच्या सरकारी संगणकीय प्रणालीवर निधी वितरित झाला, देयक पारित झाले आणि रक्कम महामंडळाच्या, प्राधिकरणाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या खात्यात गेली की विभागाच्या बाजूने खर्च पूर्ण. ती रक्कम तिथे बँकेत पडून असेल, वैयक्तिक ठेव खात्यात असेल किंवा ठेकेदाराला आगाऊ दिलेली असेल. जिल्हा परिषदांना राज्याचा निधी पुढील आर्थिक वर्षअखेरपर्यंत खर्च करता येतो, त्यामुळे विभागाने 100 टक्के दाखवलेला खर्च गावात वर्षभराने दिसायला लागतो, कधी दिसतही नाही. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निधी उतरवण्याची घाई होते ती यामुळेच. म्हणून खर्च तपासणाऱ्या विधिमंडळाच्या समितीने विभागाला किती खर्च झाला असे विचारून थांबू नये. अंमलबजावणी करणाऱ्या संस्थेच्या खात्यात 31 मार्चला किती शिल्लक होती आणि किती रकमेची उपयोगिता प्रमाणपत्रे (पैसे ठरलेल्या कामावरच खर्चले याचे दाखले) येणे बाकी होती, हे विचारावे. या दोन आकड्यांनी सुंदर दिसणारा खर्चाचा तक्ता बराच बदलतो.

उदाहरण म्हणून ग्रामीण पाणी योजना घेऊ, कारण ती आपल्या जिल्ह्याची दुखरी जागा आहे. शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा ही धरणे आहेत, त्यांचे पाणी महानगराला जाते आणि त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातात. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 रोजी जाहीर झाले. दरडोई दररोज 55 लिटर पाणी घरात नळाने द्यायचे, हा त्याचा निकष. गावपातळीवरच्या योजना जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे, मोठ्या आणि प्रादेशिक योजना प्रामुख्याने जीवन प्राधिकरणाकडे, अशी कामाची वाटणी आहे. विधिमंडळात आकडा येतो तो नळजोडण्यांचा. पण नळजोडणी हा योजनेचा शेवटचा तुकडा आहे आणि सगळ्यांत स्वस्तही. त्याआधी उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत असलेली विहीर किंवा जॅकवेल, पंपगृह, पाणी वर चढवणारी ऊर्ध्ववाहिनी, गरज असेल तिथे शुद्धीकरण, उंच जलकुंभ आणि वितरण वाहिन्या असतात. यातला एक दुवा तुटला तरी नळ कोरडाच.

दुवे कसे तुटतात ते पाहा. विहिरीची क्षमता चाचणी पावसाळ्यानंतर लगेच घेतली की विहीर भरपूर पाण्याची दिसते, एप्रिल-मेमध्ये तीच तळ गाठते. क्षमता चाचणी उन्हाळ्यात घ्यायची असते ती याचसाठी. वितरण वाहिनी टाकणे सोपे आणि त्याचे मोजमाप पुस्तिकेत लवकर चढते, म्हणून ती आधी टाकली जाते, आणि उद्भवाचे काम वनखात्याच्या परवानगीपाशी अडून राहते. शहापूर-मुरबाडकडे वनजमीन मोठी असल्याने हे हमखास होते. जलकुंभ उभा राहतो, पण पाणी भरून गळती तपासण्याची चाचणी बाकी असते. पंप बसतो, पण वीजजोडणीची अनामत भरलेली नसते. सगळे झाले तरी वर्षभराने वीजबिल थकते, जोडणी तोडली जाते आणि कागदावर पूर्ण असलेली योजना बंद पडते. यातील प्रत्येक टप्प्याची तारीख कार्यालयात असते. ती मागितली तर कोणत्या गावाचे पाणी नेमके कुठे अडले आहे ते बसल्या जागी समजते.

याहून सोपा ताळाही आहे. पाणी उपसायला वीज लागते. 1500 वस्तीच्या गावाला 55 लिटरप्रमाणे रोज 82,500 लिटर पाणी लागेल. पंप तासाला 15,000 लिटर उपसत असेल तर तो रोज साडेपाच तास चालला पाहिजे. 10 अश्वशक्तीचा पंप तासाला ढोबळमानाने साडेसात युनिट वीज घेतो, म्हणजे महिन्याला 1200 युनिटच्या पुढे वापर दिसायला हवा. महावितरणच्या बिलावर 200 युनिट दिसत असतील तर तो पंप दिवसाला एक तासही चाललेला नाही. योजनेचा ग्राहक क्रमांक असतो, महिन्याचे वाचन असते आणि हे दोन्ही सरकारी नोंदीतच आहे. सौर पंपाच्या किंवा गुरुत्वाने चालणाऱ्या योजनेला हा ताळा लागू पडत नाही, तिथे जलकुंभाच्या तोंडचे जलमापक पाहावे लागते. ते बसवलेलेच नसेल तर तीही एक महत्त्वाची माहिती झाली. टँकरच्या खेपांची नोंदवही याला जोडली की चित्र पुरे होते. जिथे योजना पूर्ण आणि टँकरही सुरू, तिथे समितीने आधी जावे.

इतर सेवांचे आकडेही असेच आतून पाहावे लागतात. एसटीच्या बाबतीत भारमान (भरलेल्या आसनांचे प्रमाण), रद्द किलोमीटर आणि वाटेत गाड्या बंद पडण्याचे प्रमाण हे जुने आणि चांगले निर्देशक आहेत. पण रद्द किलोमीटर हे वेळापत्रकातील फेऱ्यांच्या तुलनेत मोजले जातात. गाड्या कमी पडतात म्हणून फेरी वेळापत्रकातूनच काढली तर ती रद्द म्हणून नोंदली जात नाही आणि आगाराची कामगिरी सुधारल्यासारखी दिसते. म्हणून रद्द किलोमीटरसोबत पाच वर्षांपूर्वीचे नियोजित किलोमीटरही मागावेत. विजेच्या बाबतीत खंडित पुरवठ्याचे निर्देशांक मुख्यतः 11 केव्ही वाहिनीच्या नोंदीवरून काढले जातात. रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) फ्यूज जाऊन दिवा किंवा कळवा भागातील चार इमारती रात्रभर अंधारात बसल्या तर वाहिनी चालूच असते आणि निर्देशांक हलत नाही. तिथे तक्रार केंद्राच्या नोंदी हाच खरा पुरावा.

लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा आकडा तर सर्वांत फसवा ठरू शकतो. या कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत आहे, पदनिर्देशित अधिकारी आहे, कार्यालयातच दोन अपिले आणि त्यानंतर आयोग आहे, आणि कसूर झाल्यास 500 ते 5000 रुपये शास्ती आहे. आयोगाचा वार्षिक अहवाल विधिमंडळापुढे ठेवला जातो. त्यात मुदतीत निकाली काढलेल्या अर्जांची टक्केवारी मोठी दिसते. पण अर्ज मुदतीच्या शेवटच्या दिवशी त्रुटी काढून परत पाठवला तरी तो निकाली निघालाच. नागरिक दुसऱ्यांदा अर्ज करतो, तेव्हा मुदत पुन्हा नव्याने मोजली जाते. किती अर्ज त्रुटीसाठी परत गेले, त्यातले किती मुदतीच्या शेवटच्या दोन दिवसांत आणि त्याच अर्जदाराने त्याच सेवेसाठी किती वेळा अर्ज केला, हे तीन आकडे मागितले तर टक्केवारीमागचे वास्तव कळेल. संगणकीय प्रणालीतून ते निघू शकतात, कोणाला गावोगाव फिरायला नको.

आता कॅगच्या कामाबद्दल. लोकांना त्यांचे अहवाल भ्रष्टाचाराच्या बातम्यांपुरते ठाऊक असतात. प्रत्यक्षात त्यांचे लेखापरीक्षण तीन प्रकारचे असते: हिशेब बरोबर आहेत का ते पाहणारे, नियम पाळले का ते पाहणारे आणि तिसरे कामगिरी लेखापरीक्षण. या तिसऱ्यात योजना काटकसरीने, कार्यक्षमतेने आणि परिणामकारकपणे राबवली का हे तपासतात. आधी विभागाच्या सचिवांसोबत प्रवेश बैठक होते, निकष ठरतात, जिल्हे आणि तालुके नमुना म्हणून निवडले जातात, कागद तपासले जातात, विभागाच्या माणसांना बरोबर घेऊन जागेवर संयुक्त पाहणी होते, कधी लाभार्थ्यांची विचारपूस होते. मग मसुदा विभागाकडे जातो, उत्तराला सहा आठवडे दिले जातात आणि शेवटी निर्गम बैठक होते. राज्यात हे काम मुंबई आणि नागपूर इथल्या महालेखापाल कार्यालयांकडे आहे. वाचकांनी एक लक्षात ठेवावे. अहवालात ठाण्याचे नाव नाही याचा अर्थ ठाण्यात सगळे ठीक आहे असा होत नाही, आपला जिल्हा नमुन्यात नव्हता एवढाच तो असू शकतो. आणि नमुन्यात असेल तर गावांची, कामांची यादी मुख्य मजकुरात कमी आणि मागच्या परिशिष्टांत जास्त सापडते. पत्रकारांनी परिशिष्टे सोडू नयेत.

अडचण उशिराची आहे. विभाग सहा आठवड्यांत उत्तर देत नाही. अहवाल राज्यपालांकडे जातो आणि अनुच्छेद 151 प्रमाणे तो विधिमंडळापुढे ठेवायचा असतो, पण किती दिवसांत ठेवायचा हे घटनेत लिहिलेले नाही. महाराष्ट्रात तो बऱ्याचदा अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी पटलावर येतो, म्हणजे त्यावर त्याच अधिवेशनात प्रश्न विचारायची सोय उरत नाही. पुढे लोकलेखा समिती किंवा, महामंडळाचा विषय असेल तर, सार्वजनिक उपक्रम समिती काही परिच्छेद निवडते, विभागाने स्पष्टीकरणात्मक टिपण द्यायचे असते, सचिवांची साक्ष होते, समितीचा अहवाल येतो, त्यावर कार्यवाहीचा अहवाल मागवला जातो. प्रत्येक पायरीवर महिने जातात. निवडणूक झाली की समित्या नव्याने नेमायलाच काही महिने लागतात. तोवर सचिव बदललेले, अभियंता निवृत्त आणि योजना बंद होऊन दुसऱ्या नावाने सुरू झालेली असते. नवी मुंबई मेट्रोचा बेलापूर-पेंधर मार्ग 11.1 किलोमीटरचा. काम 1 मे 2011 रोजी सुरू झाले, प्रवासी सेवा 17 नोव्हेंबर 2023 रोजी. साडेबारा वर्षांच्या अशा प्रकल्पात विधिमंडळाला मधल्या प्रत्येक वर्षी टक्केवारीत प्रगती सांगितली जाते. ही टक्केवारी झालेल्या कामाच्या किमतीवर काढलेली असेल तर खांब आणि गर्डर झाले की ती नव्वदीला पोहोचते. राहिलेल्या दहा टक्क्यांत सिग्नल, विद्युत यंत्रणा, चाचण्या आणि सुरक्षा आयुक्तांचे प्रमाणपत्र असते, आणि वर्षे तिथेच जातात. टक्के न विचारता शिल्लक कामांची यादी आणि प्रत्येकाची तारीख विचारली असती तर उत्तर वेगळे आले असते.

कंपनी म्हणून नोंदलेल्या यंत्रणांबाबत एक साधन जवळजवळ विसरले गेले आहे. सिडको 17 मार्च 1970 पासून सरकारी कंपनी आहे. कंपनी कायदा 2013 प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत वार्षिक सर्वसाधारण सभा व्हायला हवी. कलम 395 नुसार त्या सभेपासून तीन महिन्यांत सरकारने कंपनीच्या कामकाजाचा वार्षिक अहवाल तयार करून, लेखापरीक्षण अहवाल आणि कॅगच्या अभिप्रायासह, विधिमंडळापुढे ठेवायचा आहे. हिशेब सोपा आहे. 31 मार्चचे वर्ष, 30 सप्टेंबरपर्यंत सभा, डिसेंबरअखेर अहवाल तयार. म्हणजे मार्चच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात सर्व सरकारी कंपन्यांचे आदल्या वर्षीचे अहवाल आमदारांच्या टेबलावर असायला हवेत. अनेक महामंडळांचे हिशेब वर्षानुवर्षे थकलेले असल्याचे कॅग सतत नोंदवत आला आहे. ज्या महामंडळाने तीन वर्षांचे हिशेबच दिलेले नाहीत त्याला नवे भागभांडवल किंवा अनुदान कशाच्या जोरावर द्यायचे, हा प्रश्न मागण्या मंजूर करताना एका आमदाराने उभे राहून विचारावा.

समितीच्या साक्षीबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सगळा जोर तिथे लागतो. साक्ष बंद दाराआड होते आणि अहवाल सभागृहात मांडला जाईपर्यंत ती गोपनीय असते. तिची तयारी प्रश्नावलीने होते. प्रश्न मोघम असेल तर लेखी माहितीही मोघम येते. ‘योजनेच्या अंमलबजावणीत विलंब झाला आहे, हे खरे आहे काय’ यावर ‘तांत्रिक अडचणींमुळे काही अंशी विलंब झाला, उपाययोजना सुरू आहे’ असे उत्तर तयार असते. त्याऐवजी कार्यारंभ आदेशाची तारीख, मूळ मुदत, मुदतवाढींची संख्या, प्रत्येक मुदतवाढ कोणाच्या सहीने आणि विलंबाबद्दल वसूल केलेला दंड, असे पाच रकान्यांचे कोष्टक मागितले तर सचिवांनाही कार्यकारी अभियंत्याकडून खरी माहिती मागवावी लागते. दौऱ्यांचेही तसेच आहे. कुठे न्यायचे हे यंत्रणेने ठरवले तर समितीला नवी रंगवलेली शाळा आणि चालू पंप दिसणार. गावांची यादी समितीने आपल्या हाताने, आदल्या संध्याकाळी, नोंदवहीतून निवडावी. पंचायत राज समिती जिल्हा परिषदांची तपासणी करते तेव्हा तिच्यापुढे स्थानिक निधी लेखापरीक्षेचे आक्षेप असतात. त्या संचालनालयाचे मुख्यालय आपल्या बेलापूरच्या कोकण भवनातच आहे. कोणते आक्षेप किती वर्षे प्रलंबित आहेत आणि तीच चूक कोणत्या पंचायत समितीत दरवर्षी निघते, हे तिथल्या कागदांवरून काढता येते.

आणि शिफारस कशी लिहायची? समितीच्या अहवालांत ‘विभागाने योग्य ती दक्षता घ्यावी’ अशी वाक्ये भरपूर आढळतात. अशी शिफारस पाळली की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. कोणी, काय, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आणि ते झाले हे कोणत्या कागदावरून कळेल, या चार गोष्टी असतील तरच तिचा पाठपुरावा होतो. आश्वासन समितीकडेही असेच पाहावे. मंत्री सभागृहात ‘चौकशी करू’, ‘तीन महिन्यांत काम पूर्ण करू’ म्हणतात, ते आश्वासन म्हणून नोंदले जाते आणि पूर्ततेपर्यंत समिती मागे लागू शकते. आपल्या आमदाराच्या प्रश्नावर मिळालेले उत्तर आश्वासन म्हणून नोंदले गेले का, हे मतदारांनी विचारण्याची सवय लावून घ्यावी.

बाहेरच्या दोन-तीन पद्धती इथे उपयोगी पडतील. केरळ विधानसभेत 1980 पासून विषय समित्या आहेत आणि विभागांच्या मागण्या सभागृहात मतास येण्याआधी त्यांच्याकडे तपासल्या जातात. संसदेनेही 1993 पासून विभागांशी संलग्न स्थायी समित्यांची पद्धत चालवली आहे. अमेरिकेतील टेक्सास राज्याने 1977 मध्ये सनसेट आयोग नेमला. त्यात पाच सिनेटर, पाच प्रतिनिधी आणि दोन नागरिक असतात. सर्वसाधारणपणे दर 12 वर्षांनी प्रत्येक यंत्रणेची पाळी येते, यंत्रणा आधी स्वतःचा मूल्यमापन अहवाल देते, आयोगाचे कर्मचारी तपासणी करतात, जाहीर सुनावणी होते, आणि विधिमंडळाने मुदत वाढवणारा कायदा केला नाही तर ती यंत्रणा बंद होते. न्यू मेक्सिको राज्यात 1999 च्या उत्तरदायित्व कायद्याने यंत्रणांचे निर्देशक आणि उद्दिष्टे ठरतात, तिमाही आकडे येतात आणि विधिमंडळाच्या वित्त समितीचे कर्मचारी त्यावर हिरवा, पिवळा, लाल असा शेरा देतात. हा शेरा देताना आकडा विश्वासार्ह आहे का आणि सुधारणेचा आराखडा आहे का हेही पाहतात. टेक्सासची पद्धत जशीच्या तशी इथे आणावी असे आम्ही म्हणत नाही, इथल्या यंत्रणा इतक्या परस्परांत गुंतलेल्या आहेत की एक बंद करून भागत नाही. पण ठरलेली पाळी असणे आणि समितीच्या हाताखाली आकडे वाचणारे स्वतःचे कर्मचारी असणे, या दोन गोष्टी महाराष्ट्राला सहज झेपतील. आमदाराकडे आज एखाद-दुसरा स्वीय सहायक असतो. त्याच्या जोरावर तीनशे पानांचा लेखापरीक्षण अहवाल वाचून होणे कठीणच, आणि याचा दोष आमदाराला देऊन प्रश्न सुटत नाही.

तोवर हातातले साधन म्हणजे तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न. मोठी आकडेवारी मागणारा प्रश्न तारांकितच ठेवण्याचा हट्ट नको, अतारांकित प्रश्नाला येणारे लेखी उत्तर अशा कामाला अधिक उपयोगी पडते. पावसाळी अधिवेशन या कामासाठी योग्य वेळ आहे, कारण उन्हाळ्याच्या नोंदी तेव्हा ताज्या असतात. जिल्ह्यातील 18 आमदारांपैकी कोणीही, पक्ष कोणताही असो, पुढील प्रश्न जसाच्या तसा दाखल करावा अशी आमची विनंती आहे, आणि उत्तर आले की आपण ते कोष्टकासह छापावे अशी आपल्यालाही:

(1) शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत जलजीवन मिशनमधून पूर्ण झाल्याची नोंद असलेल्या योजनांची गावनिहाय यादी व पूर्णत्वाची तारीख काय आहे. (2) त्यांपैकी कोणत्या गावांना यंदा 1 मार्च ते 15 जून या काळात टँकरने पाणी देण्यात आले व एकूण किती खेपा झाल्या. (3) या गावांतील योजनांच्या पंपांची अश्वशक्ती किती आहे व उक्त काळात त्यांच्या वीजमीटरवर महिनानिहाय किती युनिट वापर नोंदला गेला. (4) उद्भवाची क्षमता चाचणी कोणत्या महिन्यात घेण्यात आली. (5) योजना बंद असल्यास कोणत्या तारखेपासून, कोणत्या कारणाने, आणि ती सुरू करण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर निश्चित करण्यात आली आहे?

आपले,
काही निवृत्त लेखा व लेखापरीक्षा कर्मचारी,
ठाणे आणि नवी मुंबई